‘दुबार’ ठरलेली चार खोकी: एक जुनी दुर्बीण आणि मासिकांची गळालेली मुखपृष्ठं

हे प्रकरण एका विज्ञानसंस्थेच्या ग्रंथालयातलं आहे. संस्थेचं, माणसांचं आणि ज्या मासिकाचे अंक होते त्याचं नाव दिलेलं नाही. मी त्या ग्रंथालयात सूचीकार होते. यातला सर्वांत महागात पडलेला निर्णय माझ्या सहीने झाला.

## पार्श्वभूमी

एका हौशी खगोलनिरीक्षकाच्या निधनानंतर घरच्यांनी संस्थेला दोन गोष्टी दिल्या. एक, लाकडी पेटीतली लहान दुर्बीण. दुसरी, मासिकाच्या सुट्या अंकांनी भरलेली चार खोकी. हे गृहस्थ तरुणपणी बरीच वर्षं अमेरिकेत नोकरीला होते; दुर्बीण आणि मासिकं दोन्ही तिथलीच. सामान उतरलं त्या दिवशी दुर्बीण वस्तुसंग्रह विभागाकडे गेली आणि खोकी ग्रंथालयाकडे आली. दोन विभाग, दोन दाखल नोंदवह्या, दोन निराळे क्रमांक. या वस्तू एकाच घरातून, एकाच दिवशी आल्या आहेत, हे कुठल्याही वहीत लिहिलं गेलं नाही.

अंक साधारण १९५५ ते १९८० या काळातले होते. तेच मासिक आमच्याकडे बांधीव खंडांत आधीपासून होतं. नियम साधा होता: बांधीव संच पूर्ण असेल तर सुटे अंक दुबार समजायचे, यादी करायची आणि काढून टाकायचे. मला दोन आठवड्यांत पडताळणी करून द्यायची होती.

वरच्या मजल्यावर वस्तुसंग्रह विभागाला त्याच दुर्बिणीसाठी एका प्रदर्शनातली पाटी लिहायची होती. कोणी बनवली, कधी बनवली, एवढ्या दोनच ओळी. त्या दोन ओळींनी आमचे पुढचे चार महिने घेतले.

## भिंगं घडवणारे आणि मासिकं छापणारे

कारण ती पाटी मासिकातल्या जुन्या जाहिरातींवर येऊन अडली. जाहिरातीवर इतकं का अडावं, हे कळायला या धंद्याचा इतिहास थोडा माहीत हवा.

मोठ्या कारखान्यांची गोष्ट तुलनेने सोपी. कार्ल झाइस यांनी १८४६ मध्ये जर्मनीतल्या येना इथे कार्यशाळा काढली. १८६६ पासून एर्न्स्ट आबे यांनी भिंगांचं गणित बसवायला घेतलं, आणि १८८४ मध्ये ओटो शॉट यांच्याबरोबर काचेचा स्वतंत्र कारखाना उभा राहिला. अशा कंपन्यांच्या उपकरणांवर अनुक्रमांक असतात आणि कंपनीचं स्वतःचं अभिलेखागार असतं. दुसऱ्या महायुद्धानंतर झाइस पूर्व आणि पश्चिम जर्मनीत दुभंगली, येनातली यंत्रसामग्री सोव्हिएत सत्तेने उचलून नेली, तरी कंपनीचा कागदोपत्री इतिहास आज शोधता येतो.

घरच्या अंगणातून आकाश पाहणाऱ्यांच्या दुर्बिणींचं तसं नाही. तो धंदा मासिकांच्या पानांवरच वाढला. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, स्प्रिंगफील्ड गावी रसेल पोर्टर यांच्याभोवती आरसे घासून दुर्बिणी बनवणाऱ्या कामगारांचा गट जमला होता. त्यांच्याबद्दल अल्बर्ट इंगल्स यांनी १९२५ मध्ये सायंटिफिक अमेरिकनमध्ये लिहिलं आणि हजारो वाचक हाताने आरसे घासायला लागले. वाचकांना काच हवी, घासायची पूड हवी, तयार नेत्रिका (डोळा लावायची भिंगं) हव्यात. ते विकणारे त्याच पानांवर जाहिरात देऊ लागले. १९४१ च्या नोव्हेंबरात ‘द स्काय’ आणि ‘द टेलिस्कोप’ ही दोन मासिकं एकत्र करून चार्ल्स आणि हेलन फेडरर यांनी स्काय अँड टेलिस्कोप सुरू केलं. १९४२ मध्ये नॉर्मन एडमंड यांनी शिलकी भिंगं टपालाने विकायला सुरुवात केली. गिऱ्हाईक मिळायचं ते मासिकातल्या जाहिरातीतून. क्वेस्टार ही देखणी छोटी दुर्बीण १९५४ मध्ये बाजारात आणणारे लॉरेन्स ब्रेमर मुळात जाहिरातींसाठी चित्रं काढणारे कलावंत होते. त्यांच्या दुर्बिणीची जाहिरात स्काय अँड टेलिस्कोपच्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला वर्षानुवर्षं येत राहिली. जॉन डीबेल यांनी १९७२ मध्ये मीड कंपनी सुरू केली तीही जपानी बनावटीच्या लहान दुर्बिणी टपालाने विकत. या माणसांना दुकानाची गरजच नव्हती. मासिक हेच त्यांचं दुकान होतं.

एखाद्या भिंगवाल्या कंपनीचं नशीब मासिकाच्या छायाचित्रकारांनी पालटल्याचंही उदाहरण आहे. १९५० मध्ये लाइफ साप्ताहिकाचे डेव्हिड डग्लस डंकन तोक्योत होते. जून मिकी या तरुण छायाचित्रकाराने निप्पॉन कोगाकू (आजची निकॉन) कंपनीच्या ८५ मिलिमीटर भिंगाने काढलेला त्यांचाच फोटो त्यांना दाखवला. डंकन लगेच कारखान्यात गेले. कोरियन युद्धातले त्यांचे फोटो त्या भिंगांनी निघाले, आणि वर्ष संपायच्या आत कंपनीच्या या ‘निक्कोर’ भिंगांची बातमी न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आली.

आमची दुर्बीण मात्र याच्या अगदी दुसऱ्या टोकाची. युद्धानंतर जपानमध्ये अनेक कारखाने निर्यातीसाठी दुर्बिणी करत. एकच कारखाना पाच-दहा विक्रेत्यांना माल पुरवायचा आणि प्रत्येक विक्रेता नळीवर आपल्या नावाचा बिल्ला लावायचा. बनवणाऱ्याचं नाव नसायचं; असायची फक्त एक बारीक खूण. अशा वस्तूचा तारीखवार पुरावा जिथे उरतो तो विक्रेत्याच्या जाहिरातीत.

आणि विक्रेतेही टिकत नाहीत. १९७५ मध्ये सुरू झालेल्या ओरायन या दुर्बिणी विकणाऱ्या कंपनीने २०२१ मध्ये मीड विकत घेतली, आणि २०२४ मध्ये ओरायनच बंद पडली. मासिकांचीही तीच तऱ्हा. स्काय अँड टेलिस्कोप २००६ मध्ये मूळ प्रकाशकांकडून दुसऱ्या कंपनीकडे गेलं, २०१४ मध्ये तिसरीकडे, आणि ती तिसरी २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेल्यावर ते अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने घेतलं. १९७३ मध्ये निघालेलं ॲस्ट्रॉनॉमी मासिक १९८५ मध्ये कॅल्मबाक या प्रकाशनाकडे आणि २०२४ मध्ये फायरक्राउनकडे गेलं. विक्रेत्याची बिलबुकं गेली, प्रकाशकाची जाहिरात-खाती गेली. शिल्लक राहतो तो छापलेला अंक.

## अडचण

पहिली चूक माझी. मी बांधीव खंड काढले, पृष्ठक्रमांक तपासले आणि अनुक्रमणिकेशी ताडून पाहिले. खंडभर सलग क्रमांक होते, एकही पान तुटलेलं नव्हतं. यादीवर ‘बांधीव संच पूर्ण, सुटे अंक दुबार’ असं लिहून मी सही केली. सर्वांत वरचं खोकं, ज्यात १९७० च्या दशकातले अंक होते, त्याच आठवड्यात रद्दीत गेलं.

चारच दिवसांनी वस्तुसंग्रह विभागातली सहकारी खाली आली. दुर्बिणीच्या बिल्ल्यावर एका विक्रेत्याचं नाव होतं. त्याची जुनी जाहिरात सापडते का, हे तिला पाहायचं होतं. तिच्याबरोबर आमच्याकडची उपकरणं दुरुस्त करणारे वयस्कर गृहस्थ होते. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. मी मोठ्या भरवशाने १९६० चा खंड काढून दिला. अण्णांनी पानं उलटली नाहीत. खंड उभा धरला, कण्याजवळ बोट फिरवलं आणि म्हणाले, “ताई, यात कव्हरं कुठं आहेत?”

कव्हरं नव्हती. बांधणीवाल्याने बारा अंकांची बारा मुखपृष्ठं आणि मलपृष्ठं काढून टाकली होती. त्या काळी अनेक ठिकाणी हीच रीत होती: कव्हर जाड, खंड फुगतो, मग फक्त ‘वाचायचा मजकूर’ बांधायचा. बहुतेक अंकांत मुखपृष्ठावर पृष्ठक्रमांक नसतो. त्यामुळे ते गेलं तरी क्रमांकात खंड पडत नाही. मी ज्या कसोटीने ‘पूर्ण’ ठरवलं होतं, त्या कसोटीला हे नुकसान दिसणंच शक्य नव्हतं. विक्रेत्यांच्या सर्वांत मोठ्या, पानभर जाहिराती याच आतल्या आणि मागच्या बाजूंवर असत, कारण ती जागा सर्वांत महाग आणि सर्वांत आधी नजरेत भरणारी.

म्हणजे आम्ही ज्यांना दुबार म्हणत होतो ते सुटे अंकच पूर्ण होते. अपुरा होता तो सोनेरी अक्षरांचा बांधीव संच.

## समोर आलेले पर्याय

उरलेली तीन खोकी मी त्याच दुपारी कुलपात ठेवली. नंतर बैठक झाली आणि पाच पर्याय मांडले गेले.

ठरल्याप्रमाणे सगळं काढून टाकायचं, हा पर्याय कोणी फार वेळ धरला नाही. सगळं ठेवायचं, याला जागेची अडचण होती; तीन खोकी म्हणजे जवळजवळ दीड मांडणी.

ग्रंथपालांचा कल स्कॅन करून कागद काढून टाकण्याकडे होता. हा मुद्दा वजनदार होता आणि मीही आधी त्याच बाजूची होते. काही मासिकांचे संपूर्ण डिजिटल संच निघालेले आहेत. स्काय अँड टेलिस्कोपचे सात दशकांचे अंक डीव्हीडीवर आले होते. मग कागद कशाला? यावर अण्णांनी एक अंक भिंगाखाली धरून दाखवला. छापील छायाचित्र बारीक ठिपक्यांचं असतं. स्कॅन घाईने केला तर ठिपक्यांवर ठिपके बसून लाटा उमटतात, आणि शोधक दुर्बिणीच्या (मोठ्या नळीवर नेम धरण्यासाठी बसवलेल्या छोट्या दुर्बिणीच्या) कड्यात किती स्क्रू आहेत यासारखा तपशील पुसला जातो. नेमका तोच तपशील आम्हाला हवा होता. शिवाय डिजिटल संच कोणाच्यातरी दुसऱ्या प्रतीवरून बनतो. आमच्या माणसाने आपल्या प्रतीत काय केलं होतं, ते त्यात येत नाही. हे दुसरं कारण तेव्हा आमच्या बोलण्यात पुसटसं आलं. पुढे तेच मोठं ठरलं.

चौथा पर्याय: जाहिराती कापून कात्रणवही करायची. हा मी ठामपणे नाकारला. कात्रणाच्या पाठीमागे कोणाचातरी लेख असतो, तो मरतो. महिना-वर्ष लिहायचं राहिलं तर कात्रण निव्वळ चित्र उरतं. अंक म्हणजे तारीख असलेली पेटी आहे. जाहिरात तिच्यातून काढली की तारीख हरवते.

पाचवा पर्याय बैठकीत शेवटी निघाला: जिथे बांधीव खंडात कव्हरं नाहीत तिथे सुटे अंक मूळ प्रत मानायचे, आणि जागा हवीच असेल तर त्याच वर्षाचा बांधीव खंड काढायचा. बांधीव खंड काढणं अनेकांना जिवावर आलं. शेवटी हाच पर्याय ठरला.

## काय केलं

सूचीतली ‘संपूर्ण’ ही नोंद आम्ही खोडली. तिच्या जागी प्रत्येक खंडापुढे ‘मुखपृष्ठे नाहीत’ असं लिहिलं. सुटे अंक आम्लरहित खोक्यांत उभे न ठेवता आडवे ठेवले. मग एक साधी जाहिरात-सूची सुरू केली: विक्रेता, मॉडेल, अंकाचा महिना, किंमत, पत्ता आणि मजकुरात काय बदललं. जाहिरातींची चित्रं आम्ही कुठेही प्रसिद्ध केली नाहीत, कारण त्यांचा हक्क आज कोणाकडे आहे हे प्रत्येक वेळी सिद्ध करणं आमच्या आवाक्याबाहेर होतं. नोंदवलेली माहिती मात्र कोणालाही दाखवता येते.

दुर्बिणीकडे आता नीट पाहिलं. वस्तुभिंग (पुढचं मोठं भिंग) ६० मिलिमीटर, त्याचं केंद्रांतर ९१० मिलिमीटर, साडेचोवीस मिलिमीटर व्यासाच्या नेत्रिका. त्या काळातल्या जपानी लहान दुर्बिणींचं नेहमीचं माप. नळीच्या कड्यावर वर्तुळात कोरलेलं इंग्रजी टी अक्षर. ही तोवा या जपानी कंपनीची खूण. बनवणारा सापडला.

वर्षाचा प्रश्न मात्र चांगलाच गुंतला. घरच्यांपैकी मुलीची आठवण पक्की होती: “बाबांनी ही माणूस चंद्रावर उतरला त्या वर्षी घेतली.” म्हणजे १९६९. पण पेटीच्या झाकणाच्या आत विक्रेत्याचं छापील लेबल होतं आणि त्यावरच्या पत्त्यात शहराच्या नावानंतर दोन आकडी क्रमांक होता, ‘न्यूयॉर्क १७’ या पद्धतीचा. अमेरिकेत पाच आकडी झिप कोड १ जुलै १९६३ पासून आला. त्याआधी मोठ्या शहरांना असे दोन आकडी विभाग होते. लेबल त्याआधीच्या पद्धतीचं. अर्थात जुनी लेबलं संपेपर्यंत वापरली जातात, म्हणून एवढ्यावर तारीख ठरवणं धोक्याचं होतं.

इथे सुट्या अंकांची कव्हरं कामी आली. त्या विक्रेत्याची जाहिरात १९५८ पासून पुन्हा पुन्हा येत होती. चित्रात शोधक दुर्बीण एका कड्यात धरलेली. आमच्या नगात दोन कडी. पहिल्या झटक्यात आम्ही चुकलो. दोन कड्यांचं चित्र थेट १९६४ च्या अंकात दिसतं, म्हणून दुर्बीण १९६४ नंतरची, असं आम्ही पाटीच्या मसुद्यात लिहूनही टाकलं. सहकारीने मसुदा छापायला देण्याआधी सगळ्या जाहिराती एका टेबलावर तारखेप्रमाणे मांडल्या आणि चित्र न बघता नुसता मजकूर वाचत गेली. १९६१ च्या एका अंकात बारीक टायपात आलं होतं की शोधक आता दोन कड्यांत येतो. चित्र मात्र जुनंच. छपाईचा ठसा एकदा बनवला की तो झिजेपर्यंत वापरायचा, ही तेव्हाची काटकसर; मजकुराच्या ओळी बदलणं स्वस्त होतं. म्हणजे जाहिरातीत चित्र मागे असतं आणि शब्द पुढे. १९६३ च्या उत्तरार्धातल्या जाहिरातींत पत्ता पाच आकडी झाला. त्यामुळे आमचा नग १९६१ ते १९६३ यांच्या दरम्यानचा, असा निष्कर्ष निघाला.

मग १९६९ चं काय? मुलीची आठवण चुकली, असं लिहून मोकळं व्हायची तयारी झाली होती. मी सहज त्या वर्षाचे अंक एकेक करून चाळले. एका अंकात शेवटच्या पानांवर छोट्या जाहिराती होत्या, वाचकांनी वाचकांना विकायच्या वस्तू. त्यातल्या एका चार ओळींच्या जाहिरातीभोवती पेन्सिलीने गोल केला होता: ६० मिलिमीटरची दुर्बीण, लाकडी तिवई, लाकडी पेटी, वापरलेली पण चांगल्या स्थितीत. समासात एक फोन नंबर आणि त्याखाली दोनदा अधोरेखित केलेला वार, शनिवार.

तेच पान आमच्या बांधीव खंडातही आहे. अगदी स्वच्छ, कोरं.

## निष्पन्न

पाटी अशी लागली: ‘बनावट तोवा, जपान, बहुधा १९६१ ते १९६३. दात्याने ती १९६९ मध्ये, बहुधा जुनी विकत घेतली.’ दोन्ही ‘बहुधा’ आम्ही मुद्दाम ठेवले. छोट्या जाहिरातीत कंपनीचं नाव नाही, आणि पेन्सिलीचा गोल म्हणजे पावती नव्हे. मुलीला मी ते पान दाखवलं. तिने बराच वेळ बोट न लावता पाहिलं आणि म्हणाली, “शनिवार असाच काढायचे ते. श ला भली मोठी गाठ.”

जाहिरात-सूची आता त्या मासिकाच्या १९५५ ते १९६९ या वर्षांसाठी पूर्ण आहे. वस्तुसंग्रह विभागातल्या आणखी दोन उपकरणांची पाटी तिच्यावरून दुरुस्त झाली.

## वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी, एका घरातून आलेल्या सामानाला एकच दान-क्रमांक द्यायला हवा होता. दुर्बीण आणि मासिकं एका नोंदीत असती तर मी ते अंक दुबार म्हणून पाहिलेच नसते. ते त्या दुर्बिणीचे कागद आहेत, हे लगेच कळलं असतं. आता आम्ही तसंच करतो: वस्तू वेगवेगळ्या विभागांत जातात, क्रमांक एकच राहतो.

दुसरं, पडताळणीची पद्धत. पृष्ठक्रमांक मोजणं म्हणजे अंक तपासणं नव्हे. सुटा अंक आणि बांधीव खंड शेजारी ठेवून दर वर्षाचा निदान एक अंक पान-पान ताडला असता तर अर्ध्या तासात सगळं उघड झालं असतं. मला दोन आठवडे दिले होते. वेळ कमी नव्हता. खंडाच्या पाठीवरची सोनेरी अक्षरं पाहून मी विश्वास ठेवला.

अण्णांना यादीवर सही करण्याआधीच विचारायला हवं होतं, हेही खरं. ते रोज ही उपकरणं उघडतात, जुन्या जाहिराती सुट्या भागांसाठी धुंडाळतात. काय दुबार आणि काय नाही हे ठरवणाऱ्या समितीत वापरणारा माणूसच नव्हता.

आणि रद्दी. काढून टाकायच्या सामानासाठी आता सहा महिने थांबण्याचा नियम आहे. तेव्हा असता तर ते पहिलं खोकं वाचलं असतं. त्यात १९७० ते १९७८ होतं: टॉम जॉन्सन यांच्या सेलेस्ट्रॉन कंपनीची नारिंगी नळीची आठ इंची दुर्बीण १९७० मध्ये आली तो काळ, मीडचा आरंभ, ओरायनचा आरंभ. दात्याने त्या वर्षांत आणखी काय गोल केलं होतं, कोणाला फोन केला होता, दुसरी दुर्बीण घ्यायचा विचार होता का, हे कळायची सोय माझ्या सहीने गेली. कव्हरं नाहीत हे कळल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी रद्दीवाल्याकडे गेले होते. माल पुढे गेला होता.

त्या नऊ वर्षांचे कव्हरांसकट सुटे अंक आम्ही देणगीतून जमवतो आहोत. आतापर्यंत एकतीस आले आहेत. सूचीत प्रत्येकापुढे ‘दुसऱ्या प्रतीवरून’ असा शेरा आहे, आणि पेन्सिलीच्या खुणांसाठी केलेला रकाना त्या वर्षांपुरता रिकामा आहे.